चार गेले!

आमच्या सोसायटीत कुणाच्या हातून भांडं पडलं की चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज येतो, "चार गेले!" नव्या भाडेकरूला वाटतं, वर पत्त्यांचा डाव रंगलाय. जुन्यांना कळतं, की आप्पा घरात आहेत, जागे आहेत आणि त्यांचा गुडघा आज फारसा दुखत नाहीये.

शो जंपिंगमध्ये घोड्याच्या पायाने अडथळ्यावरचा दांडा खाली आला की चार दोषांक चढतात. नियम एवढाच. तो मैदानात राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं, पण आप्पांनी तो आमच्या पुण्याच्या धायरीत आणला. पातेलं पडलं, चार. सूनबाईंची स्कूटर धायरी फाट्यावर सिग्नल सुटताच बंद पडली, तर तो नकार, म्हणजे परत चार. टँकरवाला उशिरा आला तर वेळेचे दोषांक वेगळे. महिन्यातून एखाद्या संध्याकाळी काकूंचा सगळा स्वयंपाक काही न सांडता-लवंडता पार पडला, की आप्पा पानावरून उठताना जाहीर करतात, "क्लिअर राउंड!" पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याकडून मिळालेलं कौतुक ते एवढंच, असं काकूंचं म्हणणं आहे.

पुण्यात किंवा पुण्याच्या आसपास हॉर्स शो भरला की कठड्याला टेकलेले एक गृहस्थ तुम्हाला हटकून दिसतील. डोक्यावर कापडी टोपी, खांद्याला शबनम, कानावर बॉलपेन, हातात चौघडी केलेलं वेळापत्रक. त्यांचा घोडा नसतो. नातवंडांपैकी कुणी स्वार नसतं. त्यांना कुणी बोलावलेलंही नसतं. पण पहिल्या स्पर्धेची घंटा व्हायच्या आधी ते हजर असतात आणि शेजारी उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला, त्याने विचारलेलं नसताना, सांगायला लागतात, "आता हा टॉप स्कोअर आहे बरं का. यात दांडे पाडले म्हणून दोषांक नाहीत. पार कराल त्या अडथळ्याचे गुण तुमचे. पण शेवटी जोकर असतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा." तो अनोळखी माणूस बहुधा पोराला 'टगडक टगडक' दाखवायला आलेला असतो. दहा मिनिटांनी तो पोराला विसरून जोकरकडे लक्ष ठेवून असतो. ही जात सगळीकडे आढळते. आमच्या वाट्याला आली ती आप्पांच्या रूपाने.

आप्पा मूळचे धायरीचेच. धायरेश्वराच्या यात्रेला ज्यांच्या घरी पन्नास पानं उठतात, त्यांपैकी. 1949 साली नेहरूंनी खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसवली, त्यानंतरच्या बांधकामावर आप्पांचे वडील गवंडी होते. पुढे आप्पा त्याच प्रबोधिनीच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागले. रोज सायकलीने नांदेडकडून पूल ओलांडून पलीकडे शिवण्याला. धरणातून मुठेत पाणी सोडलं की पूल बंद, मग वारज्याचा वळसा. तिथल्या घोड्यांशी त्यांचा संबंध आला तो कागदावर. चंदी किती, हरभरा किती, चोकर किती, नाल किती, नालांचे खिळे किती. घोडा आजारी पडला हे त्यांना घोड्याकडून नव्हे, तोबऱ्याच्या हिशेबावरून कळायचं. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ते मैदानाच्या कडेला बसत आणि कॅडेट पडताना बघत. तेवढ्यावर जो नाद लागला तो निवृत्तीनंतर सुटायच्या ऐवजी फोफावला. काकू म्हणतात, "जन्मभर घोड्यांचा हरभरा मोजला यांनी. घरात डाळ कुठल्या डब्यात आहे विचारा."

आप्पांचं पेटंट वाक्य म्हणजे "घोडा बघा, घोडा!" मैदानात सगळे स्वाराकडे बघतात, त्याचा काळा कोट, पांढरी तुमान, चकचकीत बूट. आप्पांना स्वाराची किंमत शून्य. "तो काय, बसलाय. उडी कोण मारतंय?" आपल्या डायरीत ते घोड्याचं नाव ठळक लिहितात आणि स्वाराचं नाव कंसात, तेही जागा उरली तर. 1982 च्या दिल्लीच्या एशियाडबद्दल विचारा. लोकांना एशियाड म्हटलं की स्वारगेट-दादर बस आठवते, आप्पांना शहजादा आठवतो. त्या घोड्यावर बसून एकसष्टाव्या कॅव्हलरीच्या रघुबीर सिंगांनी ईव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं होतं. सांघिकही आपलंच होतं आणि टेंट पेगिंगचं सुवर्ण रुपिंदर सिंग ब्रार यांचं. आप्पा सांगताना मात्र म्हणतात, "शहजाद्याने जिंकलं. वर रघुबीर सिंग होते."

ईव्हेंटिंग म्हणजे काय हे त्यांनी मला कमीत कमी शब्दांत समजावलं, आणि समजावताना काकूंचं उदाहरण घेतलं. एकाच घोड्याने आधी ड्रेसाज करायचं, म्हणजे शिस्तीत, डौलात, आवाज न करता. मग क्रॉस कंट्री, म्हणजे ओढे, ओंडके, खड्डे, चढ-उतार. आणि अंग मोडून आल्यावर शेवटी शो जंपिंग. "सकाळी देवपूजा आणि सगळ्यांचे डबे, दुपारी सिंहगड रस्त्याने भाजी आणायला जाणं, संध्याकाळी पाहुणे. ही ईव्हेंटिंगची घोडी आहे," आप्पा म्हणाले. काकू आतून म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी डॉक्टर घोड्याला तपासतात म्हणे, लंगडतोय का ते. आम्हाला कोण तपासतंय?" हे खरं आहे, तिसऱ्या टप्प्याआधी घोड्याला हाताने धरून दुडकी पळवतात आणि जरा पाय ओढला तरी त्याला घरी पाठवतात. आप्पांनी त्या दिवशी काकूंना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नेलं, हेही नमूद करायला हवं.

माणसांना हॉर्स शोच्या वर्गांत बसवायची ही खोड त्यांना फार जुनी. सोसायटीचे सेक्रेटरी ड्रेसाजमध्ये आहेत. सगळं ठरल्या अक्षरापासून ठरल्या अक्षरापर्यंत, आणि पुढे काही सरकलेलं नाही. आप्पांचा मुलगा हिंजवडीला जातो, तो 'अगेन्स्ट द क्लॉक'. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ शेअर बाजारात असतात, ते जोकरवाले. टॉप स्कोअरमध्ये वेळ संपत आल्यावर सगळ्यांत अवघड असा जोकर अडथळा घेता येतो. पार झाला तर दुप्पट गुण मिळतात, पडला तर मिळवलेल्यातले तेवढेच वजा होतात. "हातचे घेऊन गप घरी जाणारा घोडा मी पाहिलाय, माणूस नाही पाहिला," असं त्यांच्याबद्दल आप्पांचं मत. मी कुठल्या वर्गात, हे विचारायचा धीर मला बरेच दिवस होत नव्हता. शेवटी विचारलं. आप्पांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "हॅक." हॅक म्हणजे फार उंच न उडणारा, फार जोरात न पळणारा, पण कुणालाही बसता येईल असा शांत, सभ्य घोडा. हा सन्मान आहे असं ते म्हणतात. मी अजून विचार करतोय.

ड्रेसाज बघायला लोक थांबत नाहीत. वीस बाय साठ मीटरच्या आखणीत एक घोडा तिरका चालतो, वळतो, थबकतो, जागच्या जागी पावलं टाकतो; कडेला बसलेले परीक्षक प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात. पडापडी नाही. आप्पांना यातच गोडी. आखणीच्या कडेने इंग्रजी अक्षरं लावलेली असतात आणि ती क्रमाने नसतात; छोट्या आखणीत ती अशी, ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. असाच क्रम का, याचं पक्कं उत्तर जगात कुणाकडे नाही. आप्पांनी ती लक्षात ठेवायला स्वतःचं वाक्य केलंय, "आमचे काका एकटेच हल्ली चहा मागतात, बिस्किटं फुकट." सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने ही अक्षरं काढून त्यांनी मुलांना सायकलीवर ड्रेसाज शिकवलं होतं. आजही काही गाड्या 'एच'वर आणि 'बी'वर लागतात. सेक्रेटरींनी पार्किंगचे नंबर वेगळे टाकले आहेत, ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

2023 च्या सप्टेंबरात एका दुपारी आप्पांनी अख्ख्या इमारतीत पेढे वाटले. दारं उघडून लोक विचारायला लागले, कोण पास झालं, सूनबाईंचं काही आहे का, मुलगा अमेरिकेला चाललाय का? आप्पा म्हणाले, "ड्रेसाज!" हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं होतं. घोडेस्वारीतलं सुवर्ण एक्केचाळीस वर्षांनी, 1982 नंतर पहिल्यांदा. चौघं स्वार, अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग, सुदिप्ती हजेला. पण आप्पांच्या तोंडी एट्रो, एमराल्ड, ॲड्रेनलिन आणि चिन्स्की. 209.205 हा एकूण गुणांचा आकडा त्यांनी फ्रिजवर चिकटवला, सूनबाईंच्या डाएटच्या तक्त्याशेजारी. पाहुणे तो रक्तातल्या साखरेचा समजून चुकचुकतात.

या खेळातली एक गोष्ट आप्पा बायकांना विशेष सांगतात. ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारी हा असा खेळ, जिथे बायका आणि पुरुष एकाच स्पर्धेत, एकाच नियमाने, एकमेकांविरुद्ध उतरतात. 1952 ला हेलसिंकीत पहिल्यांदा ड्रेसाजमध्ये बायकांना घेतलं, तेव्हा डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईने रौप्यपदक जिंकलं. पोलिओने तिचे गुडघ्याखालचे पाय गेलेले. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. भिशीच्या बायकांना त्यांनी हे सांगितलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. मग एकीने विचारलं, "घोड्याचं नाव काय?" आप्पांना आयुष्यात इतका आनंद क्वचितच झाला असेल. "ज्युबिली," ते म्हणाले, आणि भिशीतला चहा त्यांना फुकट मिळाला.

आप्पांबरोबर रस्त्याने चालणं हा एक वेगळा प्रकार आहे. शो जंपिंगआधी स्वारांना मैदानात पायी फिरू देतात. अडथळे बघायचे, वळणं बघायची, दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजायचं. घोड्याची एक ढांग साधारण बारा फुटांची, म्हणजे माणसाची मोठी चार पावलं. त्यात उडीची आणि उतरण्याची जागा धरून ठरवायचं, की मध्ये एक ढांग बसते की दोन. आप्पा डीएसके रस्त्याने औषध आणायला निघाले की हेच करतात. स्पीडब्रेकरपासून स्पीडब्रेकरपर्यंत ओठ हलत असतात, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. "हे दोन कॉम्बिनेशनमध्ये आहेत. मध्ये एकच ढांग बसते. म्हणून तर सगळ्या मोटारसायकली दुसऱ्यावर आपटतात." रस्त्यात नवीन खोदकाम दिसलं की थांबून बघतात, "वॉटर जंप. परवा नव्हता." टँकर, रिक्षा, उलट्या बाजूने येणारे वीर, हातगाड्या यांतून एखादा पोरगा स्कूटर कुठेही पाय न टेकता काढून नेतो, तेव्हा आप्पा फुटपाथवर उभं राहून टाळ्या वाजवतात. पोराला नव्हे, स्कूटरला.

मोबाइल हातात आल्यावर मात्र प्रकरण वाढलं. नातवाने त्यांना व्हिडिओ लावून दिले आणि आप्पा अमेरिकेत पोचले. तिथल्या शोंमध्ये आपल्याकडे नसलेले कितीतरी वर्ग. हंटरमध्ये परीक्षक घोड्याची ढब बघतात, इक्विटेशनमध्ये स्वाराची बैठक. वेस्टर्न प्लेझरमध्ये घोडा इतका सावकाश चालवतात की आप्पांना झोप लागली. बॅरल रेसिंगमध्ये तीन पिंपांना तीन गिरक्या मारून सुसाट परत यायचं, ते बघून म्हणाले, "यात काय विशेष? फाट्यावरचे रिक्षावाले हे सवारी बसवून करतात." एका वर्गात नुसत्या मोहरकीला धरून घोडा परीक्षकापुढे उभा करतात. तो समोरून बघायचा, मागून बघायचा, पाय बघायचे, मग चालवून बघायचा. आप्पा रंगून सांगत होते. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मलाही यांच्या घरच्यांनी असंच चालून दाखवायला सांगितलं होतं. दात तेवढे बघितले नाहीत." आप्पांनी तो व्हिडिओ पुन्हा लावला नाही.

देशी घोड्यांचं वेड वेगळंच. डिसेंबरात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिचा घोडेबाजार सगळ्या देशात नावाजलेला. आता तिथे चेतक महोत्सवही असतो, शर्यती असतात, घोड्यांच्या नाचाच्या स्पर्धा असतात. आप्पा एसटीने एकदा जाऊन आले आणि त्यानंतर त्यांचा शब्दसंग्रह बदलला. अबलख, नुकरा, कुमैत, पंचकल्याणी. दात बघून वय, भोवरे बघून नशीब. खाटेवर उभा राहून हलगीच्या ठेक्यावर पाय उचलणारा मारवाडी घोडा पाहून ते म्हणाले, "युरोपात याला पियाफ म्हणतात आणि दहापैकी गुण देतात. इथे नोटा ओवाळतात. काम तेच." ड्रेसाजच्या जाणकारांना हे पटणार नाही. मला पटलं. आपल्या भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याला आता स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली आहे, हे ते भेटेल त्याला सांगतात. ज्या तट्टांवरून मराठे अटकेपर्यंत गेले त्यांना कागद मिळायला इतकी वर्षं लागली, याचं त्यांना मात्र आश्चर्य नाही. कचेरीत जन्म गेलेला माणूस.

बैलगाड्यांच्या शर्यतींनाही ते जातात, मावळात, खेडमध्ये. तिथल्या घाटात बैलांच्या पुढे एक घोडी सुटते, स्वारासकट, बैलांना वाट दाखवत. हजारो लोक बैल बघतात, गुलाल उधळतात, सेकंद मोजतात. आप्पा घोडी बघतात. बारी संपली की त्यांचे चुलतभाऊ विचारतात, "कुठला गाडा पहिला आला रं?" आप्पा म्हणतात, "ते नाही बघितलं."

गणेशोत्सवातल्या मुलांच्या स्पर्धा एका वर्षी आप्पांकडे दिल्या गेल्या. ही चूक कोणी केली यावर सोसायटीत अजून एकमत नाही. लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची रद्द झाली. त्यांच्या जागी फलक लागला: लेड रेन (पाच वर्षांखालील, पालकांनी हात धरून), बेस्ट टर्न्ड आउट, पोल बेंडिंग, रिले आणि सिक्स बार. घोडे म्हणून झाडूच्या काठ्या, त्यांना मोज्यांची तोंडं. हे हसण्यावारी नेऊ नका. फिनलंडमध्ये अशा काठीच्या घोड्यांच्या खऱ्याखुऱ्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. सिक्स बारसाठी आप्पांनी एका रेषेत सहा अडथळे मांडले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि त्यांवर पडद्यांचे रॉड. लाल फडकं उजव्या हाताला, पांढरं डाव्या. ही उलटी लागली म्हणून त्यांनी पहाटे उठून परत लावली. घंटा झाली की पंचेचाळीस सेकंदांत सुरुवात केलीच पाहिजे, हा नियम त्यांनी पाच वर्षांच्या मुलांना वाचून दाखवला. त्यांतल्या दोघांना सेकंद म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

चेअरमनांचा नातू तिसऱ्या अडथळ्याशी थांबला. काठी थांबली, तो थांबला. "नकार पहिला, चार!" आप्पा गरजले. पोरगं पुन्हा आलं, पुन्हा थांबलं, त्याची चड्डी घसरत होती. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे दुसऱ्या नकाराला स्पर्धक बाद होतो. आप्पांनी घंटा वाजवली. पोराने भोकाड पसरलं. चेअरमन उठले, चेअरमनांच्या मिसेस उठल्या. लहान आहे तो, एकदा जाऊ द्या, गणपतीचे दिवस आहेत, सगळं झालं. आप्पा कागदावरून मान वर करेनात. "घोडा पाहिलात का तुम्ही? घोड्याची इच्छाच नव्हती." काठी होती ती. पण आप्पांच्या चेहऱ्याकडे बघून हे बोलायची हिंमत कुणात नव्हती. बक्षीस समारंभात पुन्हा गोंधळ. कमिटीने निळी फीत पहिल्याला आणि लाल दुसऱ्याला आणली होती. आप्पा म्हणाले, हे अमेरिकन झालं. ब्रिटिश रिवाजात लाल पहिल्याला, निळी दुसऱ्याला, पिवळी तिसऱ्याला. फिती काढून पुन्हा लावल्या. पहिली आलेली मुलगी अजून समजते की तिचं बक्षीस परत घेतलं.

इतकं सगळं असून आप्पा स्वतः घोड्यावर किती वेळा बसले? याचं उत्तर काकूंनी दिलं, आप्पा बाहेर गेल्यावर, आवाज खाली आणून. एकदा. वरातीत. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचं अंतर. घोडी वळणावर थांबली, बँड थांबला. मोतद्दाराने चुचकारली, चार पावलं चालली, पुन्हा थांबली. नवरदेवाला उतरवून मोटारीत बसवला. "म्हणजे दोन नकार," काकू म्हणाल्या. "नियमाने त्याच दिवशी बाद व्हायला हवे होते."

आप्पांचा खरा वर्ग कुठला, हे मला एका शोच्या संध्याकाळी कळलं. शेवटचा कार्यक्रम लेड रेनचा होता. इवलीशी पोरं, डोक्यापेक्षा मोठी हेल्मेटं, बुटके पोनी, आणि प्रत्येक पोनीच्या तोंडाशी दोरी धरून चालणारा माणूस. प्रत्येक पोराला फीत मिळते. आईबाप फोटो काढतात. मोठे स्वार, मोठ्या गाड्या केव्हाच निघून गेलेल्या असतात. आप्पा मात्र याच्यासाठी थांबतात आणि बघतात ती दोरी धरणारी माणसं. मोतद्दार. पहाटे खरारा, दिवसभर चंदी-पाणी, मिरवणुकीत पुढे आणि फोटोत कापलेले. स्पर्धा संपली की आप्पा शबनममधून पुडा काढतात आणि तबेल्याच्या मागे जातात. तिथे त्यांना सगळे ओळखतात. त्या दिवशी एका मोतद्दाराने चहा प्यायला म्हणून आपल्या घोड्याची दोरी आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी ती धरली, हात होता तेवढा लांब करून, अंग मागे घेऊन, मान वळवून. घोडा पुढे आला आणि त्यांच्या खिशातल्या गुळाचा वास घेऊ लागला. आप्पा बांबूसारखे ताठ. कपाळावर घाम. ज्याला घोड्याची सगळी अंगं तोंडपाठ, तो माणूस घोड्याला घाबरतो! "आप्पा, गूळ द्या ना त्याला," मी म्हटलं. "देतो की," ते ओठही न हलवता म्हणाले, "तू काढ खिशातून."

गूळ मी दिला. परतीच्या बसमध्ये त्यांनी डायरी उघडली, त्या घोड्याचं नाव लिहिलं, त्याखाली मोतद्दाराचं, कंसाशिवाय. मग मला स्नोमॅनची गोष्ट सांगितली, जी मी त्यांच्याकडून आधीही ऐकली होती आणि पुन्हा ऐकेन. अमेरिकेत 1956 साली कसाईखान्याकडे निघालेल्या ट्रकमधला नांगराचा घोडा, हॅरी डेलायर नावाच्या घोडेशिक्षकाने ऐंशी डॉलरला घेतला. शेजाऱ्याला विकला तर कुंपणावरून उड्या मारून परत आला. 1958 आणि 1959, दोन्ही वर्षी तिथल्या शो जंपिंगमधला वर्षाचा घोडा ठरला. "कुणी शिकवलं नव्हतं त्याला," आप्पा म्हणाले. "त्याला घरी यायचं होतं." धायरी फाटा आला तरी ते बोलत होते, आणि आमचा स्टॉप गेला.

तुमच्याही गावाजवळ कधी हॉर्स शो भरला तर जाऊन बघा. कठड्याशी कापडी टोपीवाले दिसतील. त्यांच्या डाव्या बाजूला उभे राहा, उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं. कोण जिंकलं ते विचारू नका, घोड्याचं नाव विचारा. आणि संध्याकाळी कामं नसतील तरच विचारा.